तिसऱ्या मजल्यावरचं शाही लग्न

समस्त सुजाण वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, युरोप खंडातील एका थोर राजघराण्याची कन्या आणि तिच्या घराण्याशी धर्मवैर असलेल्या घराण्याचा राजपुत्र यांचा शुभविवाह, दोन्ही पंथांतला रक्तपात थांबावा या उदात्त हेतूने, सीबीडी बेलापूर येथे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारच्या गाळ्यात, एसी बंद ठेवून लावण्यात आला. वऱ्हाडी मंडळी घामाघूम झाली. आहेर स्वीकारले गेले नाहीत, कारण कोणी आणलेच नव्हते. उभय पक्षांच्या प्रार्थना, शिव्या, तलवारी आणि घोडे यांची व्यवस्था प्रस्तुत लेखिकेने केली होती.

यातलं एक अक्षर खोटं नाही. मी डबिंग करते. म्हणजे परक्या भाषेतल्या माणसांच्या तोंडात मराठी घालते. तीस वर्षं झाली. आधी नुसते आवाज दिले, आता संवाद लिहिते, दिग्दर्शन करते आणि कलाकार आला नाही की पुन्हा माइकसमोर उभी राहते. आजवर मी पाच राण्या, दोन खुनी नर्स, एक बोलकं बदक आणि लोणच्याच्या जाहिरातीतली एक सासू होऊन गेले आहे. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही. फक्त करावे गावच्या बाजारात कोळंबीचा भाव करताना आवाज जरा चढला, की शेजारची पोरं गर्रकन वळून बघतात. त्यांना बदक आठवतं.

लोकांना वाटतं, भाषांतर केलं की झालं डबिंग. तसं नसतं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हे आमचे मालक. त्याचे ओठ मिटले की आपल्यालाही प, ब, म असलं ओठ मिटणारं अक्षर तिथं आणून बसवावं लागतं. त्याचं वाक्य अडीच सेकंदांचं, तर आपलंही अडीच. राजा तोंड उघडून नकार देत असेल तर 'नाही' चालतं, ओठ मिटून देत असेल तर 'मुळीच नाही'. माइकला एसीची घरघर ऐकू येते, म्हणून एसी बंद. लिफ्ट आली की सगळ्यांनी श्वास धरून थांबायचं. आणि कलाकार येतात एकेकटे. राणी मंगळवारी, राजा शुक्रवारी. पडद्यावर एकमेकांसाठी जीव देणारी जोडपी माझ्याकडे कधी समोरासमोर आलेलीही नसतात.

दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, पाठमोरं पात्र. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असली की ओठ दिसत नाहीत. मग आमचंच राज्य. मूळ सिनेमात जो गप्प उभा आहे, त्यालाही आम्ही बोलायला लावू शकतो. दुसरी गोष्ट, सेफ्टी. टेक उत्तम झाला, मी 'ओके' म्हटलं, तरी लगेच म्हणते, 'आता एक सेफ्टीला.' तेच वाक्य पुन्हा. पहिल्यात कुठे खरखर राहिली असेल, किंवा कलाकार नुसता नशिबाने बरोबर बोलून गेला असेल, म्हणून. नवे कलाकार चिडतात. 'ओके झालं ना ताई?' झालं, म्हणून तर परत.

तर तो सिनेमा. राजकन्या कॅथलिक, राजपुत्र प्रोटेस्टंट. दोन्हीकडचे लोक एकमेकांची घरं जाळतायत. मग दोन्हीकडचे थोर पुरुष एका लांबलचक टेबलापाशी बसतात आणि ठरवतात की या दोघांचं लग्न लावून द्यावं. पहिला पाऊण तास नुसती त्या टेबलाची घासाघीस. कुठल्या पाद्र्याने आधी बोलायचं, कुणी गुडघे टेकायचे, कुणी नाही. राजकन्या या सगळ्या वेळात खिडकीशी बसून भरतकाम करते.

सिनेमा ज्या कंपनीने घेतला होता, तिथल्या बाईंचा पहिल्याच दिवशी फोन आला. "मॅडम, दोन्ही धर्मांची नावं नका घेऊ हं. उगाच कुणाच्या भावना दुखावतील."

"अहो, पण भांडणच धर्माचं आहे."

"ते कळलं. तुम्ही 'आपले लोक' आणि 'ते लोक' असं करा ना."

मी दोन दिवस प्रयत्न केला. पहिल्या अर्ध्या तासात कॅथलिक आपले होते. मग नायक आला, दिसायला फारच देखणा, तेव्हा प्रोटेस्टंट आपले झाले. लग्नानंतर राणीला स्वतःलाच कळेना की आपले कोण, आणि माझ्या संवादांतले सगळे सरदार एकाच घरात वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारखे बोलायला लागले. शेवटी 'जुना पंथ' आणि 'नवा पंथ' यावर मांडवली झाली.

दुसरं संकट तलवारींचं. संवाद वगळून बाकीचे आवाज, म्हणजे पावलं, घोडे, घंटा, आमच्याकडे वेगळ्या पट्टीवर येतात. या सिनेमाची ती पट्टी अर्धवटच आली. तलवारबाजी चालली आहे आणि आवाज शून्य, जसं काही दोघं हवेत मच्छर मारतायत. मग मी आणि माझा रेकॉर्डिस्ट अल्ताफ, दोघं कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलो.

गाळ्यावरच्या शेठनं विचारलं, "किती टन?"

"टन नको. आवाज पाहिजे."

त्यानं मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं. मग हमालाला हाक मारली, "अरे, मॅडमला आवाज दाखव!" आठ एमएमची सळई म्हणजे साधा शिपाई. बारा एमएम म्हणजे सरदार. राजपुत्रासाठी मात्र शेठ स्वतः गादीवरून उठला आणि लोखंडी पट्टी पट्टीवर अशी काही आपटली, की पलीकडचे ट्रक ड्रायव्हर दाढी अर्धी टाकून बघायला आले. निघताना त्यानं विचारलं, "मग जिंकतं कोण?"

"कुणीच नाही. लग्न लावून देतायत."

"मग तर अजून सळई लागेल," शेठ म्हणाला.

आता राणीकडे येते. राणीचा आवाज प्रज्ञा कांबळेचा. वय अठ्ठावीस. दिवसा बेलापूरच्याच एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे. तिचे वडील मराठवाड्यातून नोकरीसाठी इथे आले, सरकारी कचेरीतून रिटायर झाले. पक्के बौद्ध, टापटिपीचे गृहस्थ. तीन मुलांची नावं त्यांनी बुद्धाच्या शिकवणीतल्या प्रज्ञा, शील, करुणा यांवरून प्रज्ञा, सुशील आणि करुणा अशी ओळीने ठेवली. प्रज्ञा सांगायची, "ताई, शाळेत आमची तिघांची हजेरी घेतली की अर्धं प्रवचन व्हायचं."

हिचं लग्न ठरत होतं नीलेशशी. नीलेश करावे गावचा, आगरी घरातला, सीवूड्सला त्याचं मोबाईलचं दुकान. चार वर्षं दोघांचं चाललं होतं. घरच्यांना कळलं तेव्हा दोन्हीकडे सहा महिने आदळआपट झाली. इकडून 'आपल्यात देवदेव करत नाहीत', तिकडून 'हळद नाही तर लग्न कसलं'. शेवटी एका रविवारी बैठक झाली आणि आश्चर्य म्हणजे जमलंही. सकाळी बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय, संध्याकाळी करावे गावात हळद आणि लग्न. दोन्हीकडचे खूश.

सोमवारी प्रज्ञा आली, हेडफोन लावले आणि म्हणाली, "ताई, माझं नाव पूजा ठरलंय."

"म्हणजे?"

"नीलेशचे काका आहेत ना, नानाशेठ. ते म्हणाले, सकाळचं लग्न तुमच्या पद्धतीनं करू, पण मग सूनबाईचं नाव आम्ही ठेवणार. पूजा. साधं आहे, कुणी काही विचारणार नाही. बाबा म्हणाले, ठीक आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी आत चहा करत होते."

"नीलेश?"

"तो कप नेत होता."

मग तिने सरळ सांगितलं की ती पूजा होणार नाही. पण घरात भांडून, रडून ती हे सांगणार नव्हती. "मला विचारलं तर सांगेन. नाही विचारलं, तर लग्नाच्या दिवशी ती पूजा कोण आहे ती येईल. मी येणार नाही." हे ती इतक्या शांतपणे बोलली, की मला आधी ते राणीचंच वाक्य वाटलं. लग्न तीन आठवड्यांवर होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या सिनेमातला लग्नाचा प्रसंग आला. भव्य चर्च. राजकन्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी. मुख्य पाद्री विचारतो, 'हा पुरुष तुला पती म्हणून मान्य आहे का?' राजकन्या काही बोलत नाही. एक सेकंद, दोन, तीन... मोजून सात सेकंद. मागच्या सरदारांत कुजबुज. आणि उत्तराची वाट न बघता घंटा वाजायला लागतात. लग्न लागतं.

कंपनीच्या बाईंचा फोन. "मॅडम, सात सेकंद शांतता? लोक चॅनेल बदलतील! ती पाठमोरीच आहे ना? एक 'मान्य आहे' टाकून द्या."

मी म्हटलं, देऊ. धंद्यात हे रोजचं आहे. गप्प माणसाला मी हजार वेळा बोलकं केलं असेल.

प्रज्ञा म्हणाली, "मी नाही म्हणणार."

"अगं, दोन शब्द आहेत."

"ती बोलत नाही ताई. मी कशाला तिच्या वतीने बोलू?"

मी आधी समजावलं. मग रागावले. मग नाटकी आवाजात, बदकाच्याही वरच्या पट्टीत, तिला धंद्याची शिस्त ऐकवली. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्हीच म्हणा ना मग. तुमचा आवाज जुळतो."

"म्हणेनच!" मी ताडकन उठले, आत गेले, हेडफोन लावले. पाद्र्याने विचारलं आणि मी म्हटलं, "मान्य आहे." एकाच टेकमध्ये. थोडं लाजून, थोडं दबून, शेवटच्या अक्षरावर जरासा श्वास सोडून. अल्ताफनं अंगठा वर केला. मी म्हटलं, लाव परत, ऐकू दे.

त्यानं लावलं. पडद्यावर एका बाईची पाठ, आणि त्या पाठीतून माझा आवाज. मी ऐकलं आणि ओळखला. तो मी राणीसाठी तयार केलेला आवाज नव्हताच. तो माझाच होता, तीस वर्षांपूर्वीचा.

माझ्या लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, सुप्रिया. मी वाकून वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी लाजून हसले. तोवर मी हेमलता होते. नवरा वाईट माणूस नाही. ते नाव त्यालाही त्याच्या आत्यानं सुचवलं होतं; त्याने फक्त अंगठी फिरवली. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही सुचलं नाही. आई होती तोवर ती फोनवर 'हेमा' म्हणायची. आता कुणी म्हणत नाही. दुसऱ्यांची नावं, आवाज, भाषा बदलण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे याचं दुःख करायला वेळ झाला नाही, असं मी गमतीने सांगते. लोक हसतात. चांगला विनोद आहे.

अल्ताफनं विचारलं, "ताई, सेफ्टी?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच. नंतर बघू." सेफ्टी न घेतलेला माझा बहुधा तो एकच टेक.

आता गर्दी. चर्चमधल्या सरदारांची कुजबुज आम्हाला भरायची होती. त्यासाठी पाच-सात माणसं एकदम माइकभोवती उभी करतात. गर्दीचा नियम असा, की एकही शब्द स्पष्ट ऐकू येता कामा नये. म्हणून आम्ही त्यांना भाज्यांची नावं देतो. पालक, मेथी, शेपू, पालक, मेथी, शेपू. जमलेल्या आवाजात ते अगदी गंभीर कारस्थान वाटतं. युरोपच्या इतिहासातले कितीतरी कट माझ्याकडे मेथीच्या जुडीवर शिजलेले आहेत.

त्या दिवशी गर्दीचे सहा कलाकार यायचे होते, आले दोन. आणि त्याच वेळी दारात चार माणसं उभी. नीलेश, त्याचे काका नानाशेठ, प्रज्ञाचे वडील, आणि सगळ्यांच्या पुढे एक काटक म्हातारी, हिरवं नऊवारी, कपाळावर भलं मोठं कुंकू. ही नकूबाई. नीलेशच्या आजीची बहीण, आणि गावची धवलारीण.

धवलारीण म्हणजे काय, ते सांगते. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेक विधी धवल्याच्या गाण्यावर पुढे सरकतो आणि ते गाणं म्हणते ती धवलारीण. जुन्या काळी भटजीशिवाय तिनेच लग्नं लावली. नकूबाईनं शेकड्यांनी लावली असतील. थोडक्यात, माझ्यासारखीच आवाजावर जगणारी बाई. फक्त तिच्या कामाला दम लागतो.

प्रज्ञा कामावरून सुटू शकत नव्हती आणि नकूबाई थांबायला तयार नव्हती, म्हणून वरात इकडे आली होती. गाडी नानाशेठची, म्हणून नानाशेठ. तिकडचे एवढे जण जाणार, म्हणून कांबळेसाहेब.

"पोर कुठं हाय?" नकूबाईनं विचारलं. "मना तिला बघाची हाय. गान्यात नाव घेवाचा हाय मना."

"नाव सांगितलंय ना मावशे," नानाशेठ म्हणाले. "पूजा."

"तुजा तू गप रे. मी तुजा लगीन लावाला नाय आले."

मी मात्र त्या चौघांकडे बघत होते आणि मनात मोजत होते. दोन अधिक चार, सहा! माणसं पुढ्यात आली की मला आधी त्यांचे आवाज दिसतात. हा धंद्याचा दोष आहे, आणि त्या दिवशीची चूक त्यातूनच झाली. मी हात जोडले. "फक्त दहा मिनिटं. माझी गर्दी आली नाही. तेवढं काम झालं की प्रज्ञा मोकळी."

नानाशेठना कल्पना आवडली. "आमी सिनेमात?"

"नुसता आवाज."

"च्यायला, चालल."

सगळ्यांना आत घेतलं. डाव्या माइकवर नवऱ्याकडचे सरदार, उजव्यावर नवरीकडचे. विचार न करता मी नानाशेठ, नीलेश आणि नकूबाईला डावीकडे उभं केलं, कांबळेसाहेबांना त्या दोन कलाकारांबरोबर उजवीकडे. काचेच्या अलीकडे मी, अल्ताफ आणि प्रज्ञा. मी आत ऐकू जाईल असं बटण दाबून सांगितलं, "हे लग्न तुम्हाला कुणालाच पसंत नाही. पण उघड बोलायची सोय नाही. भाज्यांची नावं घेत कुजबुजायचं. लाल दिवा आहे तोवर आवाज वाढवायचा नाही."

"ते जमल," नानाशेठ म्हणाले. "सहा महिने तेच चाललाय."

लाल दिवा लागला. पडद्यावर चर्च. पालक, मेथी, शेपू. पहिला टेक फारच सुंदर झाला. मी म्हटलं, "ओके. आता एक सेफ्टीला."

नकूबाईनं आतून विचारलं, "शेप्टी म्हंजे काय?"

"एकदा बरोबर आलं तरी पुन्हा एकदा घ्यायचं मावशी. खात्रीला."

"हां," ती म्हणाली.

दुसरा टेक. पालक, मेथी. आणि मला हेडफोनमध्ये ऐकू यायला लागलं. नानाशेठ, माइकशी तोंड नेऊन, अगदी हळू, "मेथी... सकाळचा तुमचा अकराला संपला पायजे... मेथी... आमच्याकडं मानसा येनार..."

कांबळेसाहेब, तितक्याच हळू, "पालक... आमच्याकडे सगळं वेळेवरच असतं... शेपू... उशीर तुमच्या बँडमुळे होतो."

"नाव दिलाय ते पत्रिकेत छापा... पालक... शब्द दिलाय तुमी."

"दिलाय म्हणूनच गप्प आहे... मेथी... पण पत्रिकेत दोन्ही नावं येतील..."

"दोन नावा? मेथी! लोक काय बोलतील?"

"कंसात टाकू... शेपू... कंसात."

सगळं भांडण कुजबुजत. दोघांच्याही मानेच्या शिरा ताठ, चेहरे लालबुंद, हातवारे हे एवढाले, आणि आवाज मुंगीचा. कारण लाल दिवा चालू होता आणि दोघंही शिस्तीची माणसं. ते दोन व्यावसायिक कलाकार बिचारे इमानदारीनं शेपू शेपू करत उभे. नीलेश काकांच्या शेजारी, मधल्या सतरंजीकडे बघत. टेक थांबवायला अल्ताफनं हात पुढे केला. मी तो धरला. खरं सांगते, मला सगळ्यात आधी हेच सुचलं की असली गर्दी परत मिळणार नाही. मग मी प्रज्ञाकडे बघितलं. कानाला हेडफोन लावून ती काचेतून बापाकडे बघत होती. आपलं नाव कंसात जाताना.

पडद्यावर पाद्र्याने विचारलं, 'मान्य आहे का?' राजकन्येची पाठ. शांतता. एक सेकंद. दोन.

नकूबाई इतका वेळ एकही भाजी बोलली नव्हती. ती पडद्यावरच्या त्या पाठीकडे बघत होती. आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा तिचा तो आवाज एकदम सुटला:

"थांबा रे! पोरीला इचारला का कोनी?"

अल्ताफच्या मीटरचा काटा लालच्या पार गेला. त्यानं हेडफोन काढून फेकले. घंटा वाजल्या, पण कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. म्हातारी पडद्यावरच्या पोरीबद्दल विचारत होती की काचेपलीकडच्या, हे तिला तेव्हा विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं. पण सगळ्यांनी वळून काचेकडे बघितलं.

मी बटण दाबून धरलं आणि प्रज्ञाला जागा करून दिली. ती पुढे वाकली.

"आजी, गाण्यात प्रज्ञा घ्या. दुसरं नाव घेतलंत तर मी येणार नाही."

"प्रग्न्या," नकूबाईनं जिभेवर घोळवून बघितलं. "बसतंय. गान्यात बसतंय."

"आरं, मंग आदीच बोलाचा ना!" नानाशेठ खरोखरच चकित झाले होते. "आमाला काय सपान पडतंय?"

"विचारायचं होतं," प्रज्ञा म्हणाली.

कांबळेसाहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. "मीच ठेवलं होतं," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. काचेतून प्रज्ञा म्हणाली, "तिघांतलं पहिलं काढून दिलंत बाबा. मग राहिलं काय?" त्यावर ते नुसती मान हलवत राहिले.

आणि नीलेश. चार वर्षं प्रेम केलेला, बैठकीत कप नेणारा नीलेश. तो डाव्या माइकपासून निघाला, मधली सतरंजी ओलांडून उजव्या माइकशी कांबळेसाहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि काकांना म्हणाला, "नाना, पत्रिका मी छापून आनतो." एवढंच. माइक चालू होता, म्हणून मला ऐकू आलं.

नानाशेठनी डावीकडे उरलेल्या एकट्या नकूबाईकडे बघितलं. मग म्हणाले, "आता आमचा सिनेमातला रोल गेला का ऱ्हायला?"

सिनेमाचं पुढे काय झालं, ते सांगून टाकते. माझं ते 'मान्य आहे' मी पुसलं. सात सेकंद रिकामे ठेवले आणि त्यांच्याखाली त्या दिवशीची गर्दी घातली. कंपनीच्या बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "वा! किती टेन्शन आलंय सीनला. आणि ते 'मान्य आहे' कुठाय?" मी म्हटलं, "मॅडम, बसलं नाही." हे तीस वर्षांत मी क्लायंटला सांगितलेलं सगळ्यात खरं वाक्य. डेडलाईन डोक्यावर होती, त्यांनी सोडून दिलं. कधी तो सिनेमा लागला तर चर्चच्या प्रसंगात आवाज पूर्ण वाढवा. पाद्र्याच्या प्रश्नानंतर दुसऱ्या सेकंदाला, फार खोल, युरोपातली एक सरदारीण आगरीत काहीतरी ओरडते. अल्ताफनं ते जमेल तितकं दाबलं, पण पूर्ण जाईना. मी फारसा आग्रहही धरला नाही.

लग्नाच्या दिवशी सगळ्यात आधी विवाह नोंदणी कार्यालय; तिथली महिन्याची नोटीस दोघांनी बैठकीच्या आधीच देऊन ठेवली होती. मग बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय, मग करावे. साक्षीदार तीन लागतात. मी, अल्ताफ आणि नकूबाई. अधिकाऱ्यांनी आधी कागदावर आमच्या सह्या घेतल्या. मी 'सुप्रिया' अशी सही केली, कारण आधार कार्डावर तेच आहे. पेन उचलायला मात्र नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. अल्ताफनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. नकूबाईनं एकेक अक्षर दाबून, कागदाला भोक पडेल अशी सही केली.

मग नवरा-नवरीनं एकमेकांना स्वीकारल्याचं तोंडानं म्हणायचं असतं. कायद्यातच आहे तसं; आधी मला माहीत नव्हतं. नीलेशनं कागद बघून पटापटा वाचलं. मग प्रज्ञा उभी राहिली. खोलीत पंखा घरघरत होता, बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजत होता, रेकॉर्डिंगला अगदी नालायक जागा. मी तिच्याकडून चार वर्षांत राण्या, चेटकिणी, डॉक्टर, गुप्तहेर सगळं बोलून घेतलं होतं. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात काहीच केलेलं नव्हतं.

"मी, प्रज्ञा," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं, नीलेशकडे बघत, कागदाकडे न बघता.

कांबळेसाहेब ताठ उभे होते. नानाशेठनी घसा खाकरला. अधिकाऱ्यांनी समाधानानं मान हलवली आणि शिक्का उचलला. तेवढ्यात माझ्या शेजारून, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा तो आवाज आला:

"झ्याक झाला! आता यक शेप्टीला!"